पांग फेडायची वही

मागच्या महिन्यात पाळकसाहेबांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सलाम ब्रदर, उत्तम शुक्रवारी पाचवं वचन तुमच्याकडे, दहा मिनिटं, जास्त नको. ह्या 'जास्त नको'ला इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या वचनावर पंचवीस मिनिटं खाल्ली होती, मग पुढच्या पाच जणांना उरकतं घ्यावं लागलं, तरी तीनची उपासना पावणेचारला सुटली, बाहेर एप्रिलचं ऊन, वर पत्रा, पंखे चार आणि त्यातले चालू दोन, निम्मी मंडळी उपाशी. एक आजी तर दारातच म्हणाल्या, बाळा आज तूच आम्हाला वधस्तंभावर चढवलंस. तेव्हापासून मी जरा टरकूनच असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि येशू वधस्तंभावरून जी सात वाक्यं बोलला त्यातलं एकेक वाक्य एकेक जण घेऊन बोलतो. पाचवं सगळ्यात छोटं. "मला तहान लागली आहे." योहान १९:२८. मूळ ग्रीकमध्ये तर एकच शब्द आहे. बाकीच्या वचनांत क्षमा आहे, स्वर्ग आहे, आईची सोय लावणं आहे, आणि ह्यात काय तर पाणी. दहा मिनिटं बोलायचं काय?

दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला तहानेवरून दावीद राजा आठवला. बायबलमधलं दुसरं शमुवेल, तेविसावा अध्याय. कापणीचे दिवस, दावीद अदुल्लामच्या गुहेत, आणि त्याच्या स्वतःच्या गावात, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचं, म्हणजे शत्रूंचं, ठाणं बसलेलं. हा सहज बोलून जातो की वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कोणी मला पाजलं तर किती बरं होईल. हुकूम नव्हता तो. गावच्या पाण्याची आठवण, आपल्याला पण उन्हाळ्यात येते तशी. पण तिघं जण ऐकतात, उठतात, पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसून पाणी काढून आणतात. आणि दावीद ते पीत नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकतो. म्हणतो, जीव धोक्यात घालून गेलेल्या माणसांचं हे रक्त आहे, मी कसं पिऊ.

मला ही गोष्ट लहानपणापासून आवडते. त्यागाची कदर कशी करावी तर अशी, असं वाटायचं. म्हणलं चला, हेच बोलू.

शनिवारी ताईकडे गेलो. ऐरोलीहून कळवा म्हणजे तसं जवळच, पण विटाव्याच्या पुलाखाली अडकलात की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. ताई ओट्याशी उभी होती. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घ्यायच्या विधीचा, द्राक्षरस गेली कित्येक वर्षं तीच करते, बाजारातली बाटली तिला चालत नाही, त्यात काय काय घालतात म्हणे. वाशीच्या एपीएमसीतून काळी द्राक्षं आणायची, मिठाच्या पाण्यात धुवायची, एकेक देठ काढायचं, जाड बुडाच्या पातेल्यात थोड्याशा पाण्यावर शिजत ठेवायची, साल फुटून रंग उतरला की पळीने चेचायची आणि मलमलच्या फडक्यात बांधून ते गाठोडं सिंकच्या नळाला टांगायचं. खाली पातेलं. पिळायचं नाही. पिळलं की रस गढूळ होतो, आपोआप उतरू द्यायचा, रात्रभर टपक टपक. मी लहान असताना पण आईच्या घरी असंच गाठोडं टांगलेलं असायचं आणि त्या दिवशी नळाला हात लावायची बंदी.

तर मी स्टुलावर बसून तिला माझं भाषण ऐकवलं. दावीद, विहीर, तीन वीर, पाणी ओतलं, वगैरे. आवाजात चढउतार सगळं. ती पाठमोरी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मी त्या तिघांत असते ना, तर चांगलं सुनावलं असतं त्याला. जिवावर उदार होऊन आणलं आणि तू ओततोस? पी की गप."

म्हणलं अगं मान दिला त्याने.

"मान कसला. पाणी प्यायला आणलं होतं. माझ्या वॉर्डात पेशंटने सलाईन उपटून टाकलं तर मी काय म्हणायचं, मला मान दिला?"

भाऊजी आतून मॅच बघता बघता हसले. मी गप्प. मग ती वळली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तू पण तेच केलं होतंस. वही घेऊन आला होतास ती."

आता वहीचं सांगायला पाहिजे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. मी दहावीत असताना पप्पा गेले. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, तेव्हा तिला नर्स म्हणून लागून काही वर्षं झाली होती, ठाण्याच्या बाजूला पोस्टिंग, पगार बेताचा. १९९६ ला मी नगरला पॉलिटेक्निकला ॲडमिशन घेतली आणि त्याच आठवड्यात एक निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर 'ताईचे' असं लिहिलं आणि खाली रेघ मारून हिशोब सुरू केला. मेस ४५० रुपये. हॉस्टेल डिपॉझिट ६००. ड्राफ्टर २८०. कॅल्क्युलेटर ३५०. एसटीचे, झेरॉक्सचे, एकदा दाढ काढली त्याचे. मनीऑर्डर आली की तारीख टाकून लिहायचं. तीन वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं पण मला कोणाचं मिंधं राहायला आवडायचं नाही, आणि आईचं एक वाक्य डोक्यात बसलेलं, "ताईचे पांग फेडशील ना रे." ती वही माझ्याबरोबर नगरहून डोंबिवलीच्या खोलीवर आली, तिथून घणसोलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मग ऐरोलीच्या स्वतःच्या.

२०२२ मध्ये माझं होमलोन फिटलं. बँकेकडून नो ड्यूज लेटर हातात आलं तेव्हा जे हलकं वाटलं ना, ते ज्याने कर्ज फेडलंय त्यालाच कळेल. त्याच झिंगेत वही काढली, बेरीज केली, त्यावर बँकेच्या दराने व्याज लावलं (एक्सेलमध्ये, चक्रवाढ), गोल आकडा केला आणि चेक लिहून वहीत ठेवून ताईकडे गेलो. रागावेल, रडेल, घेणार नाही म्हणेल, ह्या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. तिने तसलं काहीच केलं नाही. चष्मा लावला, पेन मागितलं आणि वही तपासायला बसली. इनचार्ज सिस्टर जशी औषधांचा स्टॉक तपासते तशी.

"डिपॉझिट सहाशे. हे माझे नाहीत. त्या वर्षी चर्चमध्ये हार्वेस्टचा, कापणीच्या सणाचा, लिलाव झाला त्यातून पाळकांनी दिले होते आईकडे. कोणाला सांगायचं नाही म्हणून." रेघ मारली. "ड्राफ्टर. हे आईने पोत मोडली त्यातले." रेघ. मला पोत मोडल्याचं माहीतच नव्हतं, मला वाटायचं आईने दागिने घालायचं सोडलं ते पप्पा गेले म्हणून. "कॅल्क्युलेटर. थांब. हे माझ्या वॉर्डातल्या आयाबाईचे. महिनाअखेर होती, माझ्याकडे नव्हते, तिने चोळीतून काढून दिले. पगार झाल्यावर परत द्यायला गेले तर म्हणाली, सिस्टर राहू द्या, पोरगा पास झाला की पेढे आणायला सांगा."

म्हणलं, मग मी नेले का पेढे?

"कुठे नेलेस. मी पण विसरले. ती रिटायर होऊन गावी गेली."

अशी अर्धी वही खोडली तिने. शेवटी बेरीज करून म्हणाली, माझे निघतात अकरा हजार चारशे, बाकीचे ज्यांचे त्यांना दे. आणि चेक माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला.

मी काय करणार? पाळक वारले होते, आई २००९ ला गेली, आयाबाईचं आडनाव पण ताईला आठवेना. लिलावात कोणी कोंबडी घेतली असेल, कोणी भोपळा, कोणी दुप्पट भावाने ज्वारीचं पोतं, त्यांना काय माहीत ते पैसे कुठल्या पोराच्या हॉस्टेलला जाणार आहेत. सव्वीस वर्षं मी ज्या हिशोबाच्या जोरावर स्वतःला प्रामाणिक समजत होतो तो हिशोबच चुकीचा निघाला.

आणि खरी रक्कम तर वहीत नव्हतीच. १९९८ ला ताईला सौदीचा कॉल आला होता. तिच्या बॅचच्या तिघी गेल्या, त्यांनी पुढे बंगले बांधले. ताई गेली नाही कारण आईला त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि माझं तिसरं वर्ष होतं. आम्ही घरात ही गोष्ट नेहमी एका ठरलेल्या सुरात सांगायचो, की ताईला पैशाचा मोहच नाही हो. त्या दिवशी वही बंद करताना मी तिला पहिल्यांदा सरळ विचारलं, तुला वाईट वाटलं होतं का गं? ती म्हणाली, "मला जायचं होतं रे. पासपोर्ट पण काढला होता."

मग?

"मग काय. गेले नाही."

एवढंच. पुढे चहा टाकला.

मला वाटतं आपण लोकांच्या त्यागावर जरा जास्तच पॉलिश मारतो. ताईला जायचंच नव्हतं असं मानलं की आपल्याला सोपं जातं, आपल्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. येशूच्या बाबतीत पण तेच करतो आपण, जणू तो हसत हसत निघाला होता. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत तो काय म्हणाला ते वाचा ना, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. तीन वेळा प्रार्थना केली त्याने. त्याला नको होता तो प्याला. आणि त्याच संध्याकाळी, त्याच्या थोडं आधी जेवताना, त्याने भाकर घेऊन काय केलं, तर उपकारस्तुती.

हा शब्द आमच्याकडे इतका रोजचा आहे की त्याच्याकडे कोणी बघतच नाही. नवीन फ्लॅट घेतला, उपकारस्तुती. पोरगी बारावी पास, उपकारस्तुती, संध्याकाळी सात वाजता, नंतर अल्पोपहार. कॅथलिक लोक प्रभुभोजनाला यूखरिस्ट म्हणतात तो ग्रीक शब्द पण हाच, उपकार मानणं, आणि ग्रीसमध्ये लोक आजही दुकानदाराला थँक्यू म्हणताना एफ्खारिस्तो म्हणतात. पण मराठीत उपकार ह्या शब्दाची दुसरी बाजू फार जड आहे. उपकाराचं ओझं. उपकार फेडणं. उपकार करून बोलून दाखवणं. आपल्या भाषेत उपकार झाला की लगेच तो फेडायची तारीख सुरू होते. माझ्या वहीसारखी. आणि बायबलमधला शब्द मात्र उपकार-स्तुती, उपकार-फेड नाही. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि ते पण एका नर्सने पेनने रेघा मारल्यावर.

ऑफिसमधल्या माझ्या एका मित्राने मला अजून एका मागे राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगितली होती, ती इथे सांगायला हवी. हा मित्र ठाण्यातला, चरईचा, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजातला. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, साधू होर्मुझहून जहाजाने निघाले होते, जायचं होतं चीनला, पण जहाज येऊन लागलं ठाण्याला. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. ठाणे तेव्हा खाडीवरचं बंदर होतं आणि इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती, त्यांच्याकडे हे उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली, साक्षीदार म्हणून साधूंची नावं सांगितली. तिघं गेले, पीटर सामान राखायला घरी थांबला. काझीसमोर विषय मारहाणीवरून धर्मावर घसरला आणि शेवटी ९ एप्रिलला त्या तिघांना मारलं. दोन दिवसांनी पीटरलाही. सामान राखणाऱ्यालाही सोडलं नाही.

त्यांच्याबरोबर जॉर्डन नावाचा एक डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघातला साधू, होता, तो त्या वेळी इथे नव्हता, सोपाऱ्याकडे बाप्तिस्मे द्यायला गेलेला. परत येऊन बघतो तर हे. त्याने ती प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली, आपलं नालासोपारा. पुढे ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन आला, त्याने अस्थी उकरून जहाजाने चीनला नेल्या. म्हणजे जिथे जायचं होतं तिथे ते पोचले, असं म्हणायचं. आणि जॉर्डन? त्याची पत्रं आहेत. त्यात तो हळहळतो की कुठल्या मुहूर्तावर मी ह्यांच्यापासून वेगळा झालो. एकटा पडला होता, आजारी होता. पण काम करत राहिला, नंतर कोल्लमचा बिशप म्हणून नेमला गेला.

त्या घटनेला ७०० वर्षं झाली ती ९ एप्रिल २०२१ ला. मित्र म्हणाला आम्ही किती वाट बघत होतो त्या दिवसाची. आणि नेमका त्याच दिवशी, शुक्रवारी, रात्री आठपासून अख्ख्या महाराष्ट्रात वीकेंड लॉकडाऊन, धार्मिक स्थळं तर आधीपासूनच बंद. मासुंदा तलावाजवळच्या त्यांच्या जुन्या पोर्तुगीजकालीन चर्चच्या बंद गेटसमोर तो मास्क लावून दोन मिनिटं उभा राहिला आणि घरी गेला. ताई त्या दिवशी कोविड वॉर्डात होती, पीपीई किटमध्ये. मी घरून काम करत होतो, बाल्कनीत बसून कॉफी वगैरे. आमच्या घरातला जॉर्डन मीच, कायम.

तर शेवटी पाचव्या वचनावर काय बोललो? दावीद काढला नाही, ठेवला, फक्त ताईची बाजू पण सांगितली. दाविदाने पाणी ओतलं कारण ते माणसांचं रक्त होतं, आणि रक्त पिणं मोशेच्या नियमशास्त्राला धरून अशक्य. त्याच्या जागी तो बरोबर होता. पण मग गुरुवारच्या रात्री वरच्या माडीवर येशू प्याला पुढे करतो आणि म्हणतो, 'ओतून टाका' नाही, 'तुम्ही सर्व ह्यातून प्या', आणि लगेच पुढचं वाक्य हे माझं रक्त आहे. मला वाटतं तिथे बसलेल्या कुठल्याही यहुदी माणसाच्या अंगावर काटा आला असेल. ओतणं सोपं होतं. ओतलं की माणूस मोठा दिसतो, परतफेड केल्यासारखं वाटतं. पिणं म्हणजे दुसऱ्याचं आपण मुकाट्याने घेतलं हे कबूल करणं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस मला तहान लागली म्हणतो, आणि कोणीतरी, नाव नाही दिलेलं, एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज त्याच्या तोंडाशी धरतो. आणि तो ती आंब घेतो. नाही म्हणत नाही. शेवटचं, जाताना, सगळ्या जगाला देणाऱ्याने एका अनोळखी माणसाकडून घेतलं.

नऊ मिनिटं झाली. त्या आजींनी मान हलवली, पास.

आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजन होतं. ताईचा रस त्या छोट्या ग्लासांत, भोकाभोकाच्या ट्रेमध्ये. ट्रे पुढे आला, मी ग्लास उचलला. पूर्वी ह्या क्षणी मी मनातल्या मनात यादी करायचो, ह्या वर्षी काय काय चुकलं, काय भरून काढायचंय. ह्या वेळी फक्त गोड लागला. थोडा जास्तच, ह्या वर्षी द्राक्षं गोड होती म्हणाली ती. उपासना झाल्यावर मी आणि भाऊजी मागच्या मोरीत ग्लास विसळत बसलो, एकशे दहा ग्लास, एकेकात बोट पण नीट जात नाही, त्यातले दोन माझ्या हातून फुटले. ताईने काच गोळा करता करता एवढंच म्हटलं की हे वहीत लिही.

ईस्टरला दुपारी तिच्याकडे जेवायला होतो. सोबत पेढे नेले होते, पाव किलो, का नेले ते तिने विचारलं नाही. बॉक्स उघडून पहिला पेढा हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि मग खाल्ला. वही फ्रिजवर होती. मला वाटलं होतं तिने ती कधीच रद्दीत घातली असेल. उघडून बघितली तर पुढची पानं तशीच, रेघा मारलेली, आणि मागून उलट्या बाजूने तिने दुधाचा हिशोब लिहायला घेतलाय. बुधवारी दीड लिटर, गुरुवारी खाडा, भैयाला १२० रुपये देणे बाकी.